अंधारात स्वतःचा बाक ओळखणारा हात

डोळे मिटून नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवा. नेमकं पडतं! कोपर किती दुमडलंय, मनगट कुठे वळलंय, हे स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात. कारखान्यातल्या रोबोलाही हे जमतं, कारण त्याच्या प्रत्येक सांध्यावर कोन मोजणारा एन्कोडर असतो. पण शरीरात घालून आतलं दाखवणाऱ्या एंडोस्कोपच्या नळीसारखा, कुठेही वाकणारा, सांधाच नसलेला हात असेल तर कोन मोजायचा कुठे?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे गावाच्या तोंडी असलेल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, हवेच्या दाबाने आखडणाऱ्या चिमुकल्या कृत्रिम स्नायूंनी एंडोस्कोपचं टोक वळवण्यावर संशोधन झालं आहे. त्याच आवारात प्रा. एस. अशोकन यांच्या गटाने काचेच्या तंतूने मनगटावरची नाडी टिपली. लवचीक हातालाही स्वतःचा आकार कळू शकतो, तो याच जातीच्या तंतूमुळे.

हा तंतू जेमतेम ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या गाभ्यात अतिनील किरणांनी सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने पट्टे उमटवतात. हे ‘फायबर ब्रॅग ग्रेटिंग’. आत प्रकाश सोडला की ठरावीक तरंगलांबी, समजा १५५० नॅनोमीटर, तेवढी परत फिरते. बाकीचा प्रकाश पुढे जातो. तंतू ताणला की पट्टे एकमेकांपासून दूर जातात आणि परतणारी तरंगलांबी वाढते.

आता हा तंतू हाताच्या मध्यरेषेपासून १ मिलिमीटर बाजूला बसवा. हात १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका हलकासा वाकला, तर बाहेरच्या बाजूचा तंतू हजारात एक भाग ताणला जातो आणि तरंगलांबी सुमारे १.२ नॅनोमीटरने सरकते. चांगली यंत्रं याच्या हजाराव्या हिश्श्याइतका फरकही पकडतात!

असे तीन तंतू १२० अंशांवर बसवले की कोणता ताणला, कोणता दबला यावरून बाकाची दिशा कळते. तापमान वाढलं तर तिघेही सारखेच सरकतात, म्हणून तो परिणाम वजा करता येतो. तंतूंच्या लांबीवर अशी ग्रेटिंग्ज ठिकठिकाणी असली, तर त्या त्या जागेचा बाक मुळापासून टोकापर्यंत जोडत गेलं की पूर्ण आकार उभा राहतो.

मात्र या जोडण्यात चूकही साठत जाते. ३० सेंटीमीटरच्या हाताच्या मुळाशी १ अंशाची चूक झाली, तर टोक ५ मिलिमीटरने चुकतं. शस्त्रक्रियेत तेवढं अंतर फार मोठं. म्हणून मोजमापाला हाताच्या लवचीकपणाच्या गणिताची जोड द्यावी लागते. हे गणित जितकं पक्कं होईल, तितकी हाताचं टोक शरीरात कुठे आहे हे पाहण्यासाठी रुग्णावर वारंवार क्ष-किरण सोडण्याची गरज कमी होईल.