चुकलेल्या गणिताचे कोडे

सहामाही परीक्षा संपली, की शिक्षकांच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. रात्रीची जेवणे आटोपली की लाल पेन फिरू लागते, गुणांची बेरीज होते, आकडे निकालपत्रकात चढतात आणि गठ्ठा कपाटात जातो. एवढे सारे वाचून त्या शिक्षकाला जे उमगले, ते शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा गुरुजींना बहुधा कळतच नाही. तपासणे हे आपल्याकडे एकट्याने उरकायचे काम ठरून गेले आहे.

आता हेच पाहा ना. तिसरीतल्या एका मुलाने ५२ वजा ३८ बरोबर २६ असे लिहिले. फुली! पुढच्या ओळीत ६३ वजा ४७ बरोबर २४. पुन्हा फुली. घरी आईवडील म्हणणार, ‘लक्षच नाही याचे.’ पण जरा थांबून बघितले, तर हा मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, असे दिसते. म्हणजे तो धांदरट नाही. स्वतःचा एक नियम तो इमानाने पाळतो आहे. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतील अशा चुका अभ्यासून दाखवून दिले होते, की त्यांतल्या पुष्कळशा चुका आंधळ्या नसतात, त्यांना एक सूत्र असते. फुलीने ते सूत्र मोडत नाही. ते आधी कुणाला तरी दिसावे लागते.

आणि चार शाळांतल्या चार वह्या शेजारी शेजारी ठेवल्या अन् चारही वह्यांत तेच २६ सापडले, तर? मग प्रश्न मुलांचा राहत नाही. काड्यांचा गठ्ठा सोडून दशक सुटा करण्याआधीच आपण ‘हातचा घ्या’ म्हणून मोकळे झालो होतो का, हे शिक्षकांना एकमेकांना विचारावे लागते. एकट्याच्या गठ्ठ्यात हा प्रश्न सहसा उगवत नाही.

आपल्या मराठीचे म्हणून काही खास पेचही आहेत. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी आणि वीस नंतर. मुले ३२ लिहून बसतात. दिवंगत मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात, २०१९ साली, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ हा जोड पर्याय आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! थट्टाही पुष्कळ झाली. पर्याय पटो न पटो, त्यामागचा प्रश्न मुलांच्या अडखळण्यातून आला होता, हे मात्र त्या गोंधळात बाजूला पडले. सटाणा-मालेगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या घरातले मूल ‘पानी’ लिहिते, तेही कानाला ऐकू येते तेच लिहिते. पंधरा वह्यांत ‘पानी’ दिसले, की ती शुद्धलेखनाची चूक उरत नाही, घरची भाषा समोर येते. आणि तिच्यापासून प्रमाण मराठीकडे कसे जायचे, हा पाठ आखता येतो.

असे एकत्र बसण्याची जागा आपल्याकडे नाही असे नाही. १९९४ च्या शासननिर्णयाने राज्यात केंद्रप्रमुखांची पदे आली, जवळपासच्या शाळांचे एक केंद्र झाले. केंद्राची शिक्षण परिषद भरते. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतल्या दोनशिक्षकी शाळेला दुसऱ्या शाळेचा शिक्षक भेटण्याची हीच काय ती हक्काची जागा. पण परिपत्रके, माहितीचे तक्ते आणि ‘तातडीने सादर करा’ यांतच दिवस मावळला, तर वह्या पिशवीतच राहायच्या. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवा असे सांगितले गेले. कल्पना उत्तम. पुढे तयार नोंदींची पुस्तके निघाली आणि मुलाकडे न पाहताही नोंद लिहिता येऊ लागली! याला काय म्हणावे?

जपानी शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एकजण तो शिकवतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुले वहीत काय करतात ते टिपतात. या पद्धतीला तिकडे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’त स्टीव्ह सायडेल यांनी १९८८ च्या सुमारास आणखी एक रीत बसवली. मुलाचे काम मधोमध ठेवायचे आणि ते आणणाऱ्या शिक्षकाने आधी गप्प बसायचे. बाकीच्यांनी फक्त दिसते तेवढेच सांगायचे. चांगले-वाईट म्हणायचे नाही. मग प्रश्न, मग तर्क, आणि शेवटी त्या शिक्षकाचे बोलणे. गप्प बसणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग असावा. आपल्या वर्गातली वही दुसऱ्यापुढे ठेवताना शिक्षकाला वाटते, आपलीच तपासणी चालली आहे. साहेबांच्या भेटीची सवय असलेल्याला ही धास्ती वाटणारच. म्हणून अशा बैठकीत वरिष्ठांनी शेरा न मारणे अत्यावश्यक.

याला निधी लागत नाही. नाव झाकलेल्या तीन वह्या आणि अर्धा तास पुरे. एका चुकीवर चौघांनी तर्क करायचा, एक पाठ बदलायचा आणि पुढच्या परिषदेला त्याच मुलांच्या वह्या पुन्हा आणायच्या. त्यात ५२ वजा ३८ घातलेले असावे.