कुत्र्यांसह स्कॉटलंडची उत्तर किनारवाट

इन्व्हर्नेसहून निघून पुन्हा इन्व्हर्नेसलाच येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग आहे ५१६ मैलांचा, म्हणजे साधारण ८३० किलोमीटरचा. २०१५ पासून तो या नावाने गाजतोय. मागच्या सीटवर कुत्री घेऊन निघणाऱ्यांसाठी तर पर्वणीच!

अनेक ठिकाणी रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कुणी आलं की ‘पासिंग प्लेस’वर थांबायचं, तिथेच गाडी लावून कुत्र्याला फिरवायला नेणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. ॲपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. त्या वळणांवर कुत्र्यांनाही गाडी लागते, तेव्हा भरल्या पोटी घाट नको.

२००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने इथल्या डोंगर-माळांवर जबाबदारीने भटकायचा हक्क सगळ्यांना दिलाय, ताब्यातल्या कुत्र्यांसकट. एप्रिल ते जुलै मात्र जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण असते. दोरी आखूड हवी.

आणि मेंढ्या! कुत्रा त्यांच्यामागे लागला, तर २०२१ च्या कायद्यानुसार मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभराची कैदही होऊ शकते.

गवतातून परतल्यावर कान, पंजे, पोट चाचपून गोचिडी काढाव्यात. त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही.