आज्जीचा प्रश्न आणि जादाची प्रत

माझी आज्जी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. धुळीनं शिंका यायच्या, डोकं गरगरायचं. रविवारी मिस्सा झाल्यावर शेताच्या वाटेनं घरी येताना एकदा तिनं तंबाखूचं पान उलटून दाखवलं. खाली मावा चिकटलेला. म्हणाली, "आमचं डोकं फिरतंय, आन् ह्यो किडा ह्येचाच रस पिऊन जगतोय कसा गं?"

मी साहित्याची विद्यार्थिनी. तेव्हा उत्तर नव्हतं. यंदा शोधलं, ते सांगते.

निकोटिन हे झाडानं किड्यांपासून वाचायला तयार केलेलं विष. ते थेट मज्जातंतूंवर जातं. ते मोडायला शरीराला विकर लागतं, आणि विकर कसं बनवायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. डीएनएची नक्कल होताना कधीकधी एकच मजकूर दोनदा उतरतो, नोट्सची झेरॉक्स काढताना एक पान दोनदा यावं तसा. एक पान जपून ठेवलं की दुसऱ्यावर खरडायला आपण मोकळे! जनुकाचंही तसंच. मूळ प्रत नेहमीचं काम सांभाळते, म्हणून जादाच्या प्रतीत चूक झाली तरी जीव वाचतो. बहुतेक जादा प्रती निकामी होतात. एखादीच नवं काम शिकते. सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञानं १९७० साली हा विचार पुस्तकरूपानं मांडला.

आता मावा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तंबाखूवरच्या माव्यात निकोटिन मोडणाऱ्या एका जनुकाच्या १०० पर्यंत प्रती आढळल्या. प्रती जास्त, म्हणून विकरही जास्त. निकोटिनसारखीच रचना असलेल्या काही कीटकनाशकांनाही हा मावा त्यामुळे थोडाफार पुरून उरतो.

पण इथं काम जुनंच आहे, फक्त हात वाढले. नवं काम बघायचं तर बांधावरची रुई आठवा. तिच्या चिकात हृदय बंद पाडणारं विष असतं. ते पेशीतला सोडियम बाहेर टाकणारा पंप अडवतं. अमेरिकेत रुईच्याच कुळातल्या झाडांच्या बिया खाणारा एक लाल-काळा ढेकूण आहे. त्याच्याकडे या पंपाच्या जनुकाच्या अनेक प्रती आहेत. बदललेल्या प्रती आतड्यात जास्त चालतात. त्या विषाला दाद देत नाहीत, पण कामात जरा मंद. मेंदूत मात्र जुन्या वळणाची, चपळ प्रत. एकाच जनुकाच्या लेकींनी घर वाटून घेतलं म्हणा ना!

आज्जी आता नाही. असती तर सांगितलं असतं, "आज्जी, माव्याच्या वर्षाला कितीतरी पिढ्या होतात. चुकत चुकत शिकायला त्याला वेळ मिळतो." वखारीतल्या बाईला एकच आयुष्य, आणि धूळ अडवायला तोंडावर बांधलेला पदर.