मोबाईल हातात, व्यवहार कोणाच्या हातात?

तंत्रज्ञानाला जात नसते, असे विधान अलीकडे वारंवार ऐकू येते. मोबाईल बटण दाबणाऱ्याचे आडनाव विचारीत नाही, तेव्हा तो ज्याच्या हाती आला त्याची उन्नती झाली, असा या विधानाचा आशय असतो. चवदार तळ्याचे पाणीही कोणाची जात विचारीत नव्हते. तरीही १९२७ मध्ये ते ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून साधनाला जात आहे की नाही, एवढ्यावर थांबून चालत नाही. त्या साधनाभोवतीचे व्यवहार कोणाच्या ताब्यात आहेत, हे तपासावे लागते. आपल्या वस्त्यांतील चांभारकाम, शिवणकाम, भाजीची हातगाडी, चहाची टपरी, लहान गॅरेज हे धंदे मोबाईल आणि इंटरनेट कसे स्वीकारतात आणि त्यातून त्यांना काय मिळते, याचा विचार या अंगाने केला पाहिजे.

लहान धंदेवाला नवे साधन एकदम स्वीकारीत नाही. ज्याला आधी पैसा घालावा लागत नाही आणि ज्याची बचत त्याच दिवशी दिसते, तेवढाच भाग तो आधी उचलतो. याला मागासलेपण म्हणणे चूक आहे. ज्याच्याजवळ दोन दिवसांचे भांडवल आहे त्याने असाच हिशेब केला पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावोगावी एस.टी.डी. बूथ आले, तेव्हा कारागिराने फोन घेतला नाही. त्याने शेजारच्याचा ‘पी.पी.’ नंबर दिला. निरोप पोचणे न पोचणे फोनमालकाच्या मर्जीवर राहिले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाईल सेवा सुरू केली. पण तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाईल खऱ्या अर्थाने हातगाडीपर्यंत पोचला. मग लोकांनी ‘मिस्ड कॉल’ची भाषा स्वतःच घडवली. एक वाजली म्हणजे माल तयार, दोन वाजल्या म्हणजे परत फोन कर. हे कोणत्याही कंपनीने शिकवले नव्हते.

पुढचा क्रमही असाच आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि बोलण्याच्या जोडीला फोटो आला. नमुना दाखवायला तालुक्याला जाण्याची खेप वाचली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि सुट्या पैशांअभावी अडलेल्या धंद्यांतून क्यूआर कोडची पाटी दिसू लागली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने धंदेवाल्यांसाठी वेगळे ॲप काढले. बोलणे, फोटो, पैसे आणि शेवटी हिशेबाची नोंद अशा या पायऱ्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या बहुतेक जण चढतात. चौथीवर मात्र फार थोडे पोचतात, आणि भांडवलाकडे जाणारी वाट त्या चौथ्या पायरीवरूनच जाते.

फोनने नेमका फायदा कसा होतो, याचे उत्तम उदाहरण केरळचे आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा आली. त्याआधी एका किनाऱ्यावर तारली मासळीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती फेकून द्यावी लागे, आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. मनोरे किनाऱ्याजवळ असल्याने समुद्रात काही अंतरापर्यंत फोन लागे. मच्छिमार होडीतूनच भाव विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी या बदलाचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्याकिनाऱ्यांवरच्या भावांतील तफावत घटली, मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छिमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला, असे त्यांना आढळले.

हे उदाहरण जगभर सांगितले जाते. पण त्यातील एक अट सांगायची राहून जाते. होडी वळवून दुसऱ्या किनाऱ्याला लावण्याची मोकळीक त्या मच्छिमारांना होती. ही मोकळीक नसेल तर काय होते, हे टांझानियातून कळते. तेथील टोमॅटो आणि बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांविषयी थॉमस मोलोनी यांनी २००८ मध्ये लिहिले. शेतकऱ्याने हंगामासाठी ज्या व्यापाऱ्याकडून कर्ज घेतले त्यालाच माल द्यावा लागतो आणि तो सांगेल तो भाव मान्य करावा लागतो. शहरात भाव चढला आहे, हे फोनवर कळूनही उपयोग होत नाही. दोन्हीकडे फोन होता, दोन्हीकडे भाव कळत होता. फरक केला तो कर्जाने.

आपल्याकडे ‘उचल’ या शब्दाची ओळख करून द्यायला नको. कोल्हापुरी चपलेचेच पाहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची ही चपल दलित कारागिरांच्या पिढ्यांनी घडवली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने तशाच चपला दाखवल्या. ते फोटो बघता बघता फोनवरून येथवर आले, निषेध झाला आणि प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीला मान्य करावे लागले. संपर्कसाधनांची ही ताकद नाकारण्याचे कारण नाही. पण जो कारागीर कातडे व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतो आणि तयार जोड त्यालाच देतो, त्याच्या फोनवर जगभरचे भाव दिसले तरी तो टांझानियाच्या शेतकऱ्याच्याच रांगेत उभा असतो. उलट कातड्यापुरते भांडवल ज्याच्यापाशी आहे, तो पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवून, माप मागवून, पार्सलने जोड धाडू शकतो. एकाच गल्लीत एकाच कंपनीचे फोन वापरणारे दोन कारागीर अशा दोन वेगळ्या व्यवस्थांत जगत असतात.

तरीही मिळकतीची बाजू लहान मानू नये. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आपला माल, आपले नाव, आपला शब्द चार लोकांपुढे मांडायला दुसऱ्याची परवानगी लागत होती. आज शिवणकाम करणारी बाई आपल्या कामाचे फोटो स्वतः लोकांपुढे ठेवते. तिला कोणा संपादकाची वा दुकानदाराची मिनतवारी करावी लागत नाही. शंभर वर्षांत झालेला हा बदल मोठा आहे.

मात्र याच व्यवहारात जात नव्या वाटेने परत येते, हेही समजून घेतले पाहिजे. नाण्यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव नसते. शहरी बाजाराने दलिताला जी थोडी मोकळीक दिली ती या निनावीपणामुळे. यूपीआयने पैसे देताना मात्र गिऱ्हाइकाच्या पडद्यावर खातेदाराचे नाव आडनावासह उमटते. चपलेच्या धंद्यात त्याचे फारसे वाटणार नाही. खाद्यपदार्थांच्या गाडीवर वाटू शकते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून शाहू महाराजांना स्वतः तेथे थांबून चहा घ्यावा लागला, हा इतिहास आहे. तो सारा मागे पडला असे मानावे, तर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आडवा येतो. खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले असता दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी ठरली. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने यूपीआयचे एक ॲप काढले; त्याला बाबासाहेबांच्या नावाशी जोडून ‘भीम’ म्हटले. नाव देणे सोपे असते. त्या पडद्यावर उमटणाऱ्या आडनावाने गिऱ्हाईक तुटू नये, ही समाजाची जबाबदारी अजून बाकी आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. पूर्वी हिशेबाची वही सावकाराकडे असे आणि कारागिराकडे फक्त आठवण. आज मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकला की गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याची आवड, पूर्वीची खरेदी ही सारी माहिती कंपनीकडे राहते. कारागिराला मिळते ती ऑर्डर, आणि त्यातून कमिशन वजा होते. त्या बाजारात शिरण्याचीही अट होती: उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. राज्याच्या आतच माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून यातून सूट मिळाली. पण ही सूट वस्तीपर्यंत पोचवायची कोणी?

येथे कार्यकर्त्यांचे, शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. ॲप कसे उघडायचे हे वस्तीतील पोरांना कळते. ते शिकवण्याचे वर्ग घेऊन फारसे साधणार नाही. गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये आणि एका वहीतही ठेवावेत. क्यूआर कोड व्यापाऱ्याच्या खात्याला जोडलेला नसावा, स्वतःच्या खात्याला असावा. धंद्याचे खाते दुकानाच्या नावाने काढता येते. आपले नाव कधी पुढे करायचे हे ठरवण्याचा हक्क धंदेवाल्याकडे राहिला पाहिजे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढे एक वाक्य पाठ झाले तरी पुष्कळ फसवणूक टळेल. खात्यावरचा जमाखर्च हा कर्ज मागताना पुरावा असतो, म्हणून तो जपावा. आणि चपलेची वेणी विणण्याचे काम जर घरातील बाई करीत असेल, तर खाते आणि सिमकार्ड तिच्या नावाने का नको, हा प्रश्न आपण आपल्या घरातही विचारला पाहिजे.

याहून मोठे काम कर्जाचे आहे. दहा कारागिरांनी मिळून कातडे रोखीने घेतले, तर त्या दहा फोनांना अर्थ येतो. बचतगट, सहकारी संस्था, बँकेचे कर्ज यांचे काम जुने वाटते, कंटाळवाणे वाटते, आणि मोबाईल आल्यावर त्याची गरज संपली असा समज पसरला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. चढा भाव कळूनही माल पडत्या भावात द्यावा लागतो, तेव्हा शोषण अधिक उघडे दिसते. ते संपते मात्र उचल फिटल्यावर.