‘बेवारस’ सॉफ्टवेअर कोणी ठरवायचे?

एखादी व्यक्ती सात वर्षे बेपत्ता असेल आणि ती हयात असती तर ज्यांना स्वाभाविकपणे तिची खबर लागली असती, अशांनाही काहीच कळलेले नसेल, तर ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. साक्षीपुराव्याच्या कायद्यातील हा जुना नियम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्याचे मोल सात वर्षांच्या आकड्यात नाही. खबर कोणाला असायला हवी होती, हे तो विचारतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा एखादा प्रकल्प मृत ठरवताना मात्र बहुतेक जण केवळ शेवटच्या बदलाची तारीख पाहतात.

हा प्रश्न आता केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. ई-प्रशासनात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वीकारले. अशा प्रत्येक प्रणालीच्या तळाशी अनोळखी माणसांनी, बहुधा विनामोबदला सांभाळलेले अनेक लहान घटक असतात. त्यांपैकी एखादा गप्प झाला, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

कधी कधी अर्थ एवढाच, की काम पूर्ण झाले आहे. गणिती मजकुराच्या अक्षरजुळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘टेक’ या प्रणालीचे कर्ते डोनाल्ड क्नुथ चुकांच्या तक्रारी साठवून ठेवतात आणि काही वर्षांनी एकदाच त्यांकडे पाहतात: २००८, २०१४, २०२१ आणि आता थेट २०२९. आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या किमतीकडे एकेका अंकाने सरकतो, सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. तारखेच्या कसोटीवर ‘टेक’ केव्हाच मृत ठरले असते!

उलट बाजू अधिक गंभीर आहे. लिनक्सवर सर्वत्र आढळणारी, फाइलींचा आकार लहान करणारी ‘एक्सझेड युटिल्स’ ही साधने एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी तगादा सुरू झाला की, काम रेंगाळले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. हा आपला बिनपगारी छंद आहे, असे त्याने सांगून पाहिले. अखेर मदतीस तत्पर असलेल्या ‘जिआ टॅन’ या नावाकडे अधिकार गेले आणि फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला गेला. सर्व्हरवर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले, म्हणून मार्चअखेरीस तो उघडकीस आला. प्रकल्प मेलेला नव्हता. तो मरतो आहे, ही हाकाटीच त्यात शिरण्याची वाट ठरली.

त्यामुळे पायथॉन भाषेच्या ‘पायपीआय’ या भांडाराची संथ रीत मला शहाणपणाची वाटते. तेथे प्रकल्प सोडून दिलेला मानण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: मालकाचा पत्ता न लागणे, वर्षभरात नवी आवृत्ती न येणे आणि प्रकल्पाच्या मुख्य पानावर मालकाची काहीही हालचाल नसणे. संपर्काचे किमान तीन प्रयत्न होतात, सहा आठवडे वाट पाहिली जाते. त्यानंतरही नव्या दावेदाराला स्वतःच्या प्रतीत केलेल्या सुधारणा दाखवाव्या लागतात आणि वेगळ्या नावाने काम का भागणार नाही, हे पटवून द्यावे लागते. ही शेवटची अट मर्मावर बोट ठेवते. कोड कोणीही उतरवून घेऊ शकतो. वारसाहक्काचा प्रश्न असतो तो नावाचा, कारण त्या नावावर विसंबूनच हजारो संगणक आपोआप अद्ययावत होतात.

‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पाऊल योग्यच आहे. पण आत काय आहे, हे यादीवरून कळले, तरी हाक मारल्यास ओ देणारे कोणी आहे का, हे त्यातून कळत नाही. ते विचारण्याचे काम त्या घटकावर विसंबलेल्या खात्याचे आहे, आणि विचारताना हात रिकामा नसावा. ‘झेरोदा’ या खासगी कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सरकारी निविदांमध्ये देखभालीची तरतूद असते, पण ती कंत्राटदारासाठी. तिचा एखादा अंश मूळ घटक सांभाळणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची अट २०१५ च्या धोरणाला जोडता येईल.