तिरका स्क्रू आणि लाकडाची रेष

आमच्या घरी सुतारकाम चालते. लकडगंजच्या वखारीतून आणलेल्या सागाच्या वासात मी वाढलो. पण कला शाखेत आलो आणि हातातली पटाशी सुटली. गेल्या दिवाळीत मात्र आईच्या स्वयंपाकघरातील कपाटाची दर्शनी चौकट मीच करीन, असे मी बाबांना सांगितले.

दर्शनी चौकट म्हणजे कपाटाच्या तोंडाशी बसणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जोडणी. बिजागऱ्या तिच्यावरच येतात आणि दारांचे वजनही तीच पेलते. बाबा आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढतात, उभ्या पट्टीत त्या मापाची खाच पाडतात आणि सरस लावून एकात एक बसवतात. मला घाई होती. मी उभ्या पट्टीच्या बाहेरून सरळ स्क्रू पिळले आणि मोकळा झालो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि एका दुपारी सांधा उघडून दार लोंबकळले. आई काही बोलली नाही. तिने डबे तेवढे खाली उतरवून ठेवले. दिल्लीच्या नव्या संसद भवनात (२०२३) नागपूरचा साग लागला, याचा आम्हांला केवढा अभिमान! पण सांधा चुकला तर साग तरी काय करणार?

बाबांनी मला पट्टीचे कापलेले टोक दाखविले. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट मोळी. माझे स्क्रू टोकातून, नळ्यांच्याच दिशेने शिरले होते. तिथे आट्यांना पकड मिळत नाही. स्क्रू रेषेला आडवा गेला, तर आटे तंतूंना ओलांडून घट्ट धरतात. शिवाय लाकूड पावसाळ्यात रुंदीकडे फुगते व उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. ही ओढाताण सांध्यालाच सोसावी लागते.

मग मी तिरक्या स्क्रूची रीत शिकलो. टेबलाची फळी खालच्या पट्ट्यांना अशी जोडण्याची चाल जुनीच आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या क्रेग सॉमरफील्ड यांनी १९८६ साली चौकटीच्या कामासाठी त्याचा सोयीचा जिग तयार केला. आडव्या पट्टीच्या मागील बाजूस, टोकाजवळ, सुमारे १५ अंशांत भोक पाडायचे. स्क्रू टोकातून बाहेर पडून उभ्या पट्टीच्या कडेत शिरतो, म्हणजे रेषेला आडवा. त्याचे सपाट बुडाचे डोके भोकातल्या पायरीवर टेकते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे खेचल्या जातात. पाऊण इंची पट्टीला सव्वा इंची स्क्रू लागतो. कठीण लाकडाला बारीक आट्यांचा घ्यावा. पिळताना पट्ट्या सरकतात, म्हणून आधी क्लॅम्प आवळावा. भोके मागे राहतात, दर्शनी बाजू कोरी.

नवी चौकट बाबांनी उलटी करून पाहिली. मला वाटले, आता कुसूवरून बोलणी बसणार.

"स्क्रू हाये म्हून काय झालं? रेष पाह्यली ना तू, मंग झालं," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी आईने डबे परत वर चढविले.