विश्लेषण : खाते बंद झाले, तर आवाजही बंद? विकेंद्रित समाजमाध्यमांवर वेगळ्या राजकीय मताला किती जागा?

तिवसा तालुक्यात राजकारणाची चर्चा आता चावडीइतकीच मोबाइलवर रंगते. नगरपंचायतीचा कारभार, संत्र्याचा भाव, आमदार-खासदारांवरची टीका असे सगळे काही व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर मांडले जाते. यांपैकी पहिली तीन माध्यमे तर एकाच मेटा कंपनीची आहेत. कोणाचे खाते चालू ठेवायचे आणि कोणाचे बंद करायचे, हे मालक कंपनी ठरवते. याला पर्याय म्हणून मॅस्टोडॉन, ब्लूस्काय अशा ‘विकेंद्रित’ समाजमाध्यमांचे नाव घेतले जाते. पण तिथे प्रत्येक मताला खरेच जागा मिळते का?

विकेंद्रित म्हणजे नेमके काय?

सोपे उदाहरण ई-मेलचे. जीमेलवरून याहूच्या पत्त्यावर मेल जातो, कारण दोन्ही कंपन्या एकच तांत्रिक भाषा पाळतात. मॅस्टोडॉनही तसेच चालते. जर्मनीतील युजेन रोचको यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले. त्याची आज्ञावली मोफत आणि खुली असल्याने कोणीही आपला सर्व्हर उभारू शकतो. हे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक नियमावलीने एकमेकांशी बोलतात. या नियमावलीला २०१८ मध्ये वेब कन्सॉर्शियमची अधिकृत मान्यता मिळाली.

तिवसा तालुक्यातील वाचकांना ही रचना परकी वाटू नये. गुरुकुंज मोझरी हे श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे केंद्र आहे. गावोगावच्या शाखा आपापले कार्यक्रम पाहतात, पण सामुदायिक प्रार्थनेची रीत एकच असल्याने त्या जोडलेल्या राहतात. इथेही कारभार सर्व्हरगणिक वेगळा आणि रीत एक. ब्लूस्काय वेगळ्या नियमावलीवर चालते. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

भारतात याची चर्चा कधी सुरू झाली?

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. त्यांनी १९३६ मधील जर्मनीतले एक प्रसिद्ध छायाचित्र लावले होते. नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. नाझींना नकार देणाऱ्या माणसाच्या या चित्रालाच ट्विटरने द्वेषपूर्ण ठरवले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये अनेक भारतीय वापरकर्ते मॅस्टोडॉनवर गेले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून अशीच लाट आली.

मग तिथे सर्व पक्षांची मते दिसतात का?

दिसतातच असे नाही. प्रत्येक सर्व्हरचा चालक नियम ठरवतो आणि दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील अतिउजव्या वापरकर्त्यांचे ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्या आज्ञावलीवर आले, तेव्हा बहुतेक सर्व्हरनी त्याच्याशी नाते तोडले. गॅब बंद पडले नाही, पण इतरांपर्यंत त्याचा आवाज पोहोचेना. डोनाल्ड ट्रम्प यांचे ‘ट्रूथ सोशल’ही याच आज्ञावलीवर उभे आहे, मात्र ते इतर सर्व्हरशी जोडलेले नाही. ब्लूस्कायवर नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीनंतर एक्सला कंटाळलेल्यांची गर्दी वाढली आणि एकाच बाजूची मते जास्त दिसतात, अशी टीका सुरू झाली.

म्हणजे बोलण्याची जागा मिळते, पण ऐकणारा मिळेलच याची हमी नाही. एका मोठ्या मैदानाऐवजी अनेक अंगणे तयार होतात. आपल्या अंगणात कोणी हुसकावत नाही, पण शेजारचा दार लावू शकतो.

पोलीस कारवाईपासून संरक्षण मिळते का?

नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल दुसरीला पालघरमध्ये अटक झाली. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. त्यानंतरही मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे यांना अटक झाली. दोन्ही वेळी सरकारे वेगळी होती आणि दुखावलेले पक्षही वेगळे. यांत कंपनीने तोंड बंद केले नव्हते. त्यामुळे सर्व्हर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

अमरावतीला याहून मोठी किंमत माहीत आहे. जून २०२२ मध्ये शहरातील एका औषध विक्रेत्याची हत्या झाली. समाजमाध्यमावरील पोस्टमुळे ती झाल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. तर नोव्हेंबर २०२१ मधील हिंसाचारानंतर शहरात संचारबंदीसोबत इंटरनेटही बंद ठेवण्यात आले होते. इंटरनेटच बंद असेल, तर मॅस्टोडॉन आणि फेसबुक दोन्ही सारखेच गप्प होतात.

सर्व्हर चालवणाऱ्याची जबाबदारी किती?

गावातल्या चार जणांनी मिळून सर्व्हर काढला आणि त्यावर कोणी आक्षेपार्ह लिहिले तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ मधील एक निकाल इथे जवळचा आहे. गोंदिया जिल्ह्यातील त्या प्रकरणात खंडपीठाने म्हटले, की समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. अमरावती जिल्हाही याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

मात्र सर्व्हर चालक गटाच्या ॲडमिनपेक्षा एक पाऊल पुढे असतो. मजकूर त्याच्या यंत्रावर साठतो, म्हणून कायद्याच्या भाषेत तो ‘मध्यस्थ’ ठरू शकतो. कलम ७९ त्याला संरक्षण देते, पण न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश आल्यावर मजकूर हटवावा लागतो. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वकिलांची फौज असते, हौशी चालकाकडे नसते.

सरकारी दबाव आला तर?

एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायने काही खाती त्या देशात लपवली. पण ती अधिकृत ॲपपुरती लपली. त्याच जाळ्यावरील काही दुसऱ्या ॲपमध्ये ती दिसत राहिली. विकेंद्रीकरणाचा खरा फायदा हा आहे. एक दार बंद झाले, तरी घर पाडले जात नाही.

खाते उघडण्यापूर्वी काय पाहावे?

सर्व्हर कोण चालवतो, खर्च कुठून येतो आणि नियम काय आहेत, हे आधी वाचा. राजकीय मजकुराबाबत काय धोरण आहे आणि कोणते सर्व्हर रोखलेले आहेत, हेही तपासा. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र जात नाहीत. त्यामुळे त्यांची प्रत वेळोवेळी उतरवून घ्या. थेट संदेश गुप्त समजू नका, सर्व्हर चालक ते पाहू शकतो. आणि कुठल्याही सर्व्हरवर लिहिले, तरी लिहिलेल्या शब्दाची कायदेशीर जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहते.